शिधा मिळाला, रांधायचं कुणी?

अमेरिकेत वाणसामानाच्या मोठ्या दुकानांत भाजलेली अख्खी कोंबडी दोन ठिकाणी ठेवलेली दिसते. एक गरम दिव्याखाली, काचेच्या कपाटात. दुसरी थंड कपाटात. कोंबडी एकाच दुकानात भाजलेली, मसाला तोच, फरक एवढाच की दुसरी विकली गेली नाही म्हणून गार करून ठेवली. सरकारी अन्न-मदतीचं कार्ड घेऊन आलेल्या बाईला यातली गार कोंबडी घेता येते. गरम घेता येत नाही. कायदाच तसा आहे.

हे पहिल्यांदा ऐकलं की हसू येतं. पण मैत्रिणींनो, या हसण्याजोग्या नियमाच्या पोटात आपल्या कामाचा एक फार जुना प्रश्न दडलेला आहे, म्हणून तो जरा उलगडून बघू या.

अमेरिकेत ज्याला पूर्वी ‘फूड स्टॅम्प’ म्हणत आणि २००८ पासून ‘स्नॅप’ म्हणतात, ती योजना चार कोटींच्या आसपास माणसांना मदत करते. रोख पैसे मिळत नाहीत. दर महिन्याला एका कार्डावर रक्कम जमा होते आणि त्यातून फक्त खाण्याच्या वस्तू घेता येतात. माणशी सरासरी हिशेब केला तर दिवसाला सहा डॉलरच्या आसपास. तिथल्या महागाईत ही रक्कम किती तुटपुंजी आहे हे वेगळं सांगायला नको.

योजनेचा जन्म भुकेपेक्षा कोठारांतून झाला. १९३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा शेतमालाचे भाव कोसळलेले होते, माल पडून होता. लोकांनी नारिंगी कुपनं विकत घ्यायची आणि त्याबरोबर निळी कुपनं फुकट मिळायची. निळ्या कुपनांवर सरकारला खपवायचा असलेला शिलकी मालच घेता यायचा. आपल्याकडच्या धान्याच्या गोदामांची गोष्ट आठवली ना? दोन्हीकडे विचाराची सुरुवात पोत्यापासून झाली, चुलीपासून नाही.

पुढे १९६४ मध्ये कायदा झाला. १९७७ च्या कायद्यात अन्नाची व्याख्या करताना शब्द घातले गेले ते असे, की अन्न म्हणजे घरी खाण्यासाठी घेतलेला पदार्थ. दारू, तंबाखू आणि लगेच खाता येतील असे गरम पदार्थ यांतून वगळलेले. दारू, तंबाखू आणि गरम जेवण एकाच ओळीत! या ओळीवर मी बराच वेळ थांबले होते. गरिबाला कच्चं अन्न द्यावं, शिजवलेलं अन्न म्हणजे चैन, ही समजूत त्यात सरळ दिसते. शिजवलेलं का चैन? कारण शिजवायचे पैसे द्यावे लागतात. आणि घरी शिजवलं तर ते फुकट पडतं. कुणाला फुकट पडतं, हे मात्र कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. लिहायची गरज कुणाला वाटली नसावी.

याच कायद्याला एक अपवाद आहे. साठ वर्षांवरची माणसं, अपंग माणसं आणि बेघर माणसं यांना स्वतःला शिजवता येत नाही किंवा शिजवायला जागाच नसते. म्हणून राज्य सरकारची इच्छा असेल तर त्यांना ठरावीक हॉटेलांत कार्डावर जेवता येतं. हॉटेलवाल्याने करार करायचा, सवलतीच्या दरात जेवण द्यायचं. म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी ही सोय १९७० च्या दशकातली, बेघरांचा समावेश नंतरचा. पण राज्याच्या मर्जीवर सोडल्यामुळे पन्नास राज्यांपैकी मोजक्याच राज्यांनी ती स्वीकारली. कॅलिफोर्नियात बरीच वर्षं काही जिल्ह्यांपुरती होती, संपूर्ण राज्यात लागू व्हायला २०२१ उजाडलं.

अपवाद चांगलाच आहे. मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याची एक अट वाचा. घरातला प्रत्येक माणूस या तीन प्रकारांपैकी एकात बसला पाहिजे, किंवा बसणाऱ्याचा नवरा वा बायको असला पाहिजे. म्हणजे एकटी सत्तरीची आजी असेल तर तिला हॉटेलात जेवता येईल. पण मुलगी तुरुंगात गेली किंवा वारली म्हणून तीच आजी दोन नातवंडांना सांभाळत असेल, एकाच कार्डावर तिघांचं नाव असेल, तर तिला नाही. काल तिला शिजवणं झेपत नव्हतं. आज तीन माणसांचं झेपतं, असं कायदा धरून चालतो. दोन नोकऱ्या करून रात्री दहाला घरी येणारी एकटी आई? ती धडधाकट आहे. तिचं नाव कुठेच नाही.

आणि पूर आला, वादळ आलं की हेच सरकार काही दिवसांसाठी गरम पदार्थांवरची बंदी उठवतं. चूल बुडाली, वीज गेली हे सरकारला पटतं. दोन पाळ्यांत चूल पेटवायला वेळ नाही हे पटत नाही.

२०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने कामाची अट आणखी कडक केली. ज्यांच्यावर चौदा वर्षांखालचं मूल अवलंबून नाही अशा चौसष्ट वर्षांपर्यंतच्या ‘धडधाकट’ माणसांनी महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण किंवा तसं काही दाखवायचं, नाहीतर तीन वर्षांत तीनच महिने मदत मिळणार. बेघरांना यातून जी सूट होती तीही काढून घेतली. आता गंमत बघा. बासष्ट वर्षांची बाई हॉटेलातल्या जेवणापुरती म्हातारी आणि कामाच्या अटीपुरती तरुण! आणि पंधरा वर्षांच्या मुलाची आई रोज दोन वेळा रांधते, ते तास मात्र या ८० तासांत धरायचे नाहीत. ते काम नव्हेच.

मदतीची रक्कम ठरते तीही अशाच हिशेबावर. तिथलं शेतीखातं ‘काटकसरीची आहार योजना’ नावाचा एक आराखडा करतं, म्हणजे कमीत कमी पैशांत पोषक जेवण कसं होईल याची यादी. सुकी कडधान्यं, पीठ, भाज्या, बटाटे. स्वस्त तेच सगळं, म्हणजे भिजवायचं, सोलायचं, तासन् तास शिजवायचं. पंचेचाळीसहून जास्त वर्षांनी, २०२१ मध्ये, तिचा खर्च पहिल्यांदा खरोखर नव्याने मोजला आणि मदत सुमारे २१ टक्क्यांनी वाढली. चांगलं झालं. पण त्याआधीच, २०१० मध्ये, जॉर्ज डेव्हिस आणि वेन यू या दोन अर्थशास्त्रज्ञांनी साधा प्रश्न विचारला होता. या योजनेप्रमाणे जेवण करायला लागणाऱ्या वेळेची किंमत धरली तर काय होईल? त्यांचा निष्कर्ष असा, की श्रमाचा खर्च धरला तर काटकसरीची योजना काटकसरीची राहतच नाही. आपल्या गटातल्या कुठल्याही बाईने हे चहा ओतता ओतता सांगितलं असतं. पण तिच्या बोलण्याला अभ्यास म्हणत नाहीत.

या अपवादावर तिथे टीकाही होते आणि ती सगळीच उजव्या विचारांच्या लोकांची नसते. कार्ड चालणारी हॉटेलं बरीचशी बर्गर, पिझ्झा, सँडविच विकणाऱ्या साखळी कंपन्यांची असतात. सरकारी पैसा या कंपन्यांच्या गल्ल्यात, आणि गरिबाच्या पोटात मीठ, साखर, चरबी. हा आक्षेप खोटा नाही. मला तो अर्धाच पटतो. त्याच कार्डावर शीतपेयं आणि वेफर्स वर्षानुवर्षं मिळत आले, अलीकडे काही राज्यांनी त्यावर बंधनं आणायला सुरुवात केली. म्हणजे प्रश्न आरोग्याचा असेल तर तो गार पुड्यातही आहे. आणि फुटपाथवर झोपणाऱ्या बाईला ‘डाळ भिजत घाल’ हा सल्ला देणाऱ्याने आधी तिला भांडं आणि नळ द्यावा. खरा उपाय म्हणजे कंपन्यांच्या जागी वस्तीतल्या खानावळी, बायकांच्या सहकारी संस्था यांना करारात घ्यायचं. तो रस्ता कायद्यात बंद नाही. पण कागदपत्रं आणि कार्डाची यंत्रं यांच्यात छोटी खानावळ अडकते, मोठी साखळी अडकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या कोंबडीशी आपलं काय देणंघेणं? आपल्याकडे रेशनवर तांदूळ-गहू मिळायची मारामार. ई-पॉस यंत्रावर अंगठा उठत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हाताऱ्या बायकांचे अर्ज लिहिण्यात माझे कितीतरी दिवस गेलेत, तुमचेही गेले असतील. तरी म्हणते, देणंघेणं आहे.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य दिलं. अंत्योदय घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. या कायद्यात एक गोष्ट आपल्या चळवळीच्या मागणीतून आली असं आपण अभिमानाने सांगतो: घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख. छान. पण पाच किलो धान्य म्हणजे जेवण नव्हे. गहू निवडायचा, गिरणीत न्यायचा, दळणाचे पैसे द्यायचे, पाणी भरायचं, गॅस परवडत नसेल तर लाकूडफाटा गोळा करायचा, मग भाकरी नाहीतर चपाती. कार्डावर प्रमुख तीच आणि चुलीपुढेही तीच. सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात २०२४ साली घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं निघालं. पुरुषांची ८८. तीही जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच सरासरी, न करणारे त्यात धरलेलेच नाहीत.

याच कायद्याच्या २०११ च्या मसुद्यात आणखी एक तरतूद होती, ती आज फार जणींना ठाऊक नसते. निराधार माणसांना रोज निदान एक वेळचं जेवण फुकट, आणि बेघरांना सामुदायिक स्वयंपाकघरांतून परवडेल अशा दरात जेवण. शिजवलेलं जेवण हक्क म्हणून. २०१३ मध्ये कायदा झाला तेव्हा हे कलम गळालेलं होतं. नंतर देशभर सामुदायिक स्वयंपाकघरं सुरू करावीत म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने तसा आदेश द्यायला नकार दिला. कायदा आहे, योजना आहेत, तेव्हा धोरण सरकारने ठरवावं, असा त्याचा सूर होता. म्हणजे आपल्याकडे शाळेतली मुलं, अंगणवाडीतली मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांना शिजवलेलं अन्न कायद्याने मिळू शकतं. बाकीच्यांना धान्य. बाकीच्यांच्या घरी एक बाई आहेच, हे गृहीत.

महाराष्ट्राने शिजवलेल्या जेवणाचे प्रयोग केले नाहीत असं नाही. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. काही वर्षांत ती योजना गुंडाळली गेली, मोक्याच्या जागेवरचे स्टॉल तेवढे उरले आणि त्यांत वडापावपासून चायनीजपर्यंत सगळं मिळू लागलं. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. थाळीची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली, दहा रुपयांच्या वरची रक्कम सरकारने द्यायची. कोरोनाच्या काळात ती आधी पाच रुपयांत आणि पुढे काही महिने फुकट मिळाली. त्या दिवसांत या थाळीने किती लोक जगवले हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. ही केंद्रं चालवणाऱ्यांत बचत गटांच्या बायकाही आहेत. २०२५ मध्ये अनुदान महिनोन् महिने थकल्याच्या तक्रारी केंद्रचालकांनी जाहीरपणे केल्या. किराणा उधारीवर, गॅस उधारीवर. सरकारची थाळी शेवटी कुणाच्या तरी मंगळसूत्रावर चालली तर तिला अनुदान कसं म्हणायचं?

एक गोष्ट मला या केंद्रांवर पुन्हा पुन्हा दिसली. जेवायला बसलेले बहुतेक पुरुष. हमाल, रिक्षावाले, रुग्णालयात आलेल्या पेशंटचे नातेवाईक. बायका येतात त्या बरोबर कुणी असेल तर, किंवा पार्सल मिळतं का विचारायला. वस्तीतल्या बैठकीत विषय काढला तर एक जण म्हणाली, ‘ताई, तिथं एकटी बसून जेवले तर दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं.’ दुसरी म्हणाली, ‘मी खाल्लं तरी घरी जाऊन पाच जणांचं करायचंच आहे. मग माझ्या दहा रुपयांत वाचलं काय?’ दुसरीचं बोलणं नीट ऐकण्यासारखं आहे. एका माणसाला थाळी दिली की भूक भागते. स्वयंपाक तेव्हाच टळतो जेव्हा घरातल्या सगळ्यांचं जेवण बाहेरून येतं.

तरीही बाहेर बसून जेवण्याचं एक मोल आहे आणि ते अंगणवाडीत कळतं. घरी न्यायची पाकिटं, म्हणजे टीएचआर, गरोदर बाईच्या नावाने येतात आणि सासऱ्यापासून शेळीपर्यंत सगळ्यांच्या वाट्याला जातात. आदिवासी भागात २०१५ पासून आलेली अमृत आहार योजना वेगळी आहे. गरोदर आणि स्तनदा बाईने अंगणवाडीत यायचं आणि एक वेळचं पूर्ण जेवण तिथेच जेवायचं. सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं खाणाऱ्या बाईच्या पोटात तिच्या नावाचं अन्न जाण्याची ही एक खात्रीची वाट. अडचणी तिथेही आहेत, धान्य-भाजीचा दर वेळेवर येत नाही, पाडे लांब असतात. पण कच्च्या आणि शिजवलेल्यातला फरक बाईच्या देहावर कसा उमटतो, हे समजून घ्यायचं असेल तर अमृत आहार बघावा. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला अन्नसुरक्षा शिकवली ती उष्मांकांत. कुणाच्या ताटातले आणि कुणाच्या तासांतले, हे कामाला लागल्यावर बायकांनी शिकवलं.

मग तिथे रांधतं कोण? अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस, आधीच्या कामाच्या वर, किरकोळ जादा मानधनावर. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांचं केंद्राने ठरवलेलं मानधन २००९ पासून महिना १००० रुपये. राज्यं आपापली भर घालतात, पण पाया तोच. घरातली फुकट चूल सरकारी इमारतीत नेली आणि तिला मानधन हे नाव दिलं, एवढंच झालं. त्यात जात आहेच. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित बाईने शिजवलेलं जेवण सवर्ण मुलांनी नाकारलं, तिला कामावरून काढलं गेलं, बभ्रा झाल्यावर परत घेतलं. ‘घरचं अन्न ते घरचं अन्न’ म्हणणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा पोषण नसतं, शिजवणाऱ्या हाताची जात असते.

आपल्या चळवळीतही या मागणीबद्दल धास्ती आहे. शिजवलेलं मागायला गेलो तर सरकार धान्य काढून घेईल, थाळीचं कंत्राट एखाद्या बड्या संस्थेला देईल, हजारो स्वयंपाकिणींचं काम एका यंत्राच्या स्वयंपाकघरात जाईल. ही भीती पोकळ नाही. शहरांतल्या शाळांमध्ये केंद्रीय स्वयंपाकघरं आली तेव्हा बचत गटांचं काम गेलेलं आपण पाहिलं आहे. म्हणून माझं म्हणणं अगदी मर्यादित आहे. पाच किलो धान्याला हात लावायचा नाही. त्याच्या जोडीला, ज्या घराला हवं त्या घराला महिन्यातल्या काही जेवणांचा हक्क असावा, सगळ्या माणसांचा, आणि पार्सल घेऊन जायची मुभा असावी. बाळंतपण, आजारपण, सुगीचे दिवस, ऊसतोडीचे महिने, घरकाम करणाऱ्या बाईची दोन वेळची धावपळ, यांना ‘शिजवता येत नाही’ या व्याख्येत जागा असावी. केवळ म्हातारपण आणि बेघरपण पुरेसं नाही. आणि रांधणारीला किमान वेतन. मानधन नव्हे, वेतन.

रांधण्याला दाम मिळवून देण्याचा इतिहास आपल्याच मुंबईत आहे. गिरणगावात कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायका घरातल्या चुलीवर पंधरा-वीस माणसांचं जेवण करत आणि सावकाराच्या व्याजात बुडत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, आणि ‘घरीच तर असते’ म्हणून ओळखली जाणारी बाई उद्योजक म्हणून कागदावर आली. त्या खानावळी गिरण्यांना पोसत होत्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या. पण हिशेब तेव्हा मांडला गेला होता: जेवण करायला किती तास, किती सामान, किती दाम. शिवभोजनाचे ३५ आणि ५० रुपये ठरवताना त्यात बाईच्या तासांचे किती धरले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला हरकत नाही. आपल्या तीन जिल्ह्यांतल्या गटांनी हा अर्ज पुढच्या महिन्यात टाकायचं ठरवलं आहे. मसुदा तयार आहे, हवा असेल तर कळवा.

आणि आपापल्या गावातलं केंद्र जाऊन बघा. कुठे आहे, किती वाजता उघडतं, बायकांना बसायला जागा आहे का, पाण्याचा आणि संडासाचा काय प्रकार आहे, शिजवणाऱ्यांना शेवटचे पैसे कधी मिळाले. आमच्या भागातलं केंद्र फक्त दुपारच्या जेवणापुरतं उघडं असतं. धुणीभांडी करणाऱ्या बायका साडेचारला सुटतात. तेव्हा तिथे मोठी पातेली घासणं चाललेलं असतं आणि या बायका रात्रीच्या भाजीचा विचार करत पुढे जातात.